सागरी बचाव वैमानिकाचे सहीचे पत्र: आधी मजकूर, मग सही

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात कोसळलेल्या विमानांतल्या माणसांना पाण्यातून उचलून आणणाऱ्या वैमानिकांची सहीची पत्रे आजही विक्रीला येतात. स्वाक्षऱ्या जमवायला नव्याने लागलेल्याने हा विषय जरूर घ्यावा. या माणसांनी कोणत्या दिवशी, कुठे आणि किती जणांना वाचवले याच्या सरकारी नोंदी आहेत. त्यातल्या बऱ्याचशा कुणालाही पाहता येतात, त्यामुळे पत्रातले एकेक वाक्य ताडून बघता येते. नटाच्या किंवा खेळाडूच्या नुसत्या सहीला ही सोय नसते.

पत्र हातात आले की नवख्याची नजर आधी तळाशी, सहीवर जाते. ही सवय उलटी करायची. आधी मजकूर वाचायचा, मग कागद, मग शाई आणि सही सगळ्यात शेवटी. बनावट पत्र करणारा सहीवर महिनोन्महिने हात बसवतो. तारीख, पत्ता, हुद्दा यांकडे त्याचे तेवढे लक्ष नसते आणि बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो.

हातात नेमके काय आहे?

विक्रेत्यांच्या यादीत काही अक्षरे सारखी दिसतात. ‘एएलएस’ म्हणजे मजकूर आणि सही दोन्ही त्याच माणसाच्या हातचे. ‘टीएलएस’ म्हणजे टाइप केलेले पत्र, खाली हाताने सही. ‘एलएस’ म्हणजे मजकूर दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आणि सही त्याची. ‘कट’ म्हणजे पत्रातून किंवा वहीतून कापून घेतलेला सहीचा तुकडा. कटच्या नादी लागू नका. तपासायला लागते ते सगळे, म्हणजे तारीख, पत्ता, मजकूर, कागदाच्या घड्या, कापताना आधीच निघून गेलेले असते.

युद्धकाळातल्या अमेरिकी पत्रांत एक खास फसगत होते, ती व्ही-मेलची. जून १९४२ पासून सैनिकांची पत्रे ठरावीक फॉर्मवर लिहून घेत, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर त्यांचे फोटो काढत, फिल्मची रिळे विमानाने पाठवत आणि पोचल्यावर छोट्या फोटोकागदावर छापून घरी देत. घरी मिळणारा कागद सुमारे सव्वाचार इंच बाय सव्वापाच इंच. म्हणजे पत्र शंभर टक्के खरे, पण त्यावर शाईची सही नाही, सहीचा फोटो आहे. ब्रिटिशांचे १९४१ मध्ये सुरू झालेले एअरग्राफ हा असाच प्रकार. इतिहास म्हणून ही पत्रे सुंदर असतात, जरूर घ्या, पण ‘सहीचे पत्र’ म्हणून त्यांचे पैसे मोजू नका. फोटो न काढता मूळ फॉर्मच पोचवला, असेही काही वेळा होई. तो आकाराने मोठा असतो आणि त्यावर खरी शाई दिसते.

माणूस कोण, त्याने केले काय

सुरुवातीला एकच माणूस निवडा आणि त्याचा तो एक दिवस पाठ करा. उदाहरण म्हणून अमेरिकी नौदलाचे नेथन गॉर्डन घेऊ. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी पॅसिफिक महासागरातल्या न्यू आयर्लंड बेटावरच्या, जपान्यांच्या ताब्यातल्या काव्हिएंग बंदरावर अमेरिकेच्या पाचव्या हवाई दलाने हल्ला केला. गॉर्डन त्या वेळी व्हिटू बेटांजवळ कॅटलिना फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरू शकणारे विमान, घेऊन हाकेची वाट बघत होते. पाडलेल्या विमानांतली माणसे तराफ्यांवर होती, समुद्र उसळलेला होता आणि किनाऱ्यावरून जपानी तोफा चालू होत्या. गॉर्डन तीन वेळा पाण्यावर उतरले आणि ९ जणांना घेऊन परत निघाले. वाटेत निरोप आला की शत्रूच्या किनाऱ्यापासून अवघ्या ६०० यार्डांवर आणखी एक तराफा आहे. ते मागे फिरले, चौथ्यांदा उतरले आणि आणखी ६ जणांना घेतले. एकूण १५. यासाठी त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आणि त्यांच्या विमानातल्या सगळ्या साथीदारांना सिल्व्हर स्टार.

आता पत्र वाचा. ‘तीनदा उतरलो, नऊ जण, मग परत जाऊन सहा’ हा हिशेब जुळतो का? वाचवलेली माणसे लष्कराच्या हवाई दलाची होती, नौदलाची नव्हती. हे पत्रात बरोबर आहे का? मात्र इथे तारतम्य हवे. साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस चाळीस वर्षांनी लिहिताना लाटांची उंची किंवा घड्याळाची वेळ चुकवू शकतो, तेवढ्याने पत्र खोटे ठरत नाही. उलट पदकासोबतच्या सन्मानपत्रातली वाक्ये शब्दशः उतरवलेले गुळगुळीत पत्र दिसले तर थांबा. तिथे हजर असलेला माणूस सन्मानपत्राच्या भाषेत आठवण सांगत नाही.

दुसरे नाव अमेरिकी नौदलाचेच वैमानिक अ‍ॅड्रियन मार्क्स. ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीने ‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकी युद्धनौका बुडवली. तीन-साडेतीन दिवस पाण्यात राहिलेल्या खलाशांवर २ ऑगस्टला एका गस्ती विमानाची नजर पडली. पेलेलियूहून कॅटलिना घेऊन निघालेल्या मार्क्स यांनी खुल्या समुद्रात न उतरण्याचा नियम बाजूला ठेवला आणि विमान पाण्यावर उतरवले. त्यांनी ५६ जणांना उचलले. आत जागा उरली नाही तेव्हा माणसांना पंखांवर घेऊन पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधले. विमान परत उडण्याच्या स्थितीत राहिले नाही. रात्री ‘सेसिल जे. डॉयल’ हे जहाज आले, माणसे तिकडे हलवली आणि मग विमान बुडवून टाकले. तेव्हा ‘त्यांना घेऊन मी तळावर उडत परतलो’ असे मार्क्स यांच्या नावाच्या पत्रात असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

ब्रिटिश बाजूला काम जास्त आहे, पण शोधायची मजाही तिथेच आहे. १९४१ च्या अखेरीस रॉयल एअर फोर्सने बचावासाठी २७५ ते २७८ क्रमांकांची स्क्वाड्रन उभी केली. त्यांचे ओळखीचे विमान वॉलरस, हेही पाण्यावर उतरणारे. दुपंखी, एका इंजिनाचे, प्रोपेलर मागे तोंड करून बसवलेला. समुद्र खवळलेला असला आणि उड्डाण जमले नाही, तर वॉलरस बोटीसारखे चालवत किनाऱ्याकडे आणत. आपल्याकडचा धागाही आहे: २९२ क्रमांकाचे बचाव स्क्वाड्रन फेब्रुवारी १९४४ मध्ये जेसोर इथे, म्हणजे तेव्हाच्या बंगालमध्ये, सुरू झाले. या वैमानिकांची नावे फारशी कुणाला माहीत नसतात, पण स्क्वाड्रनचे रोजचे कामकाज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर २७’ या मालिकेत आहे. कोणत्या दिवशी कोण वैमानिक कोणते विमान घेऊन गेला, ते तिथे सापडते. पदक मिळाले असेल तर ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्रात नाव असते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत शोधता येतात.

एक गल्लत हमखास होते. ‘गोल्डफिश क्लब’ हा १९४२ मध्ये निघालेला क्लब तराफ्यामुळे किंवा जीवरक्षक जॅकेटमुळे समुद्रातून वाचलेल्यांचा. त्याचे कार्ड पत्रासोबत असेल तर लिहिणारा बहुधा वाचलेला आहे, वाचवणारा नव्हे.

तारीख काय सांगते

युद्धकाळातले पत्र असेल तर सेन्सॉर लक्षात घ्या. पत्रांत जागेचे नाव, तुकडीच्या हालचाली, जहाजांची नावे लिहायला बंदी होती. ‘आज काव्हिएंग बंदरातून पंधरा जणांना उचलले’ असे फेब्रुवारी १९४४ च्या पत्रात सरळ लिहिलेले असेल तर संशय घ्या. खऱ्या पत्रात ‘दक्षिण पॅसिफिकमध्ये कुठेतरी’ असले काहीतरी असते, किंवा ओळीच्या ओळी कात्रीने कापलेल्या असतात. ‘इंडियानापोलिस’ बुडाल्याची बातमी तर नौदलाने जपानच्या शरणागतीच्या बातमीबरोबरच बाहेर सोडली. त्याआधीच्या तारखेच्या घरगुती पत्रात जहाजाचे नाव येणे कठीण.

पाकीट जपलेले असेल तर उत्तम. परदेशी असलेल्या अमेरिकी नौसैनिकाचा पत्ता ‘फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को’ अशा धाटणीचा असतो. एप्रिल १९४२ पासून साध्या टपालाला तिकीट लागत नसे, उजव्या कोपऱ्यात हाताने ‘फ्री’ लिहीत. हवाई टपालाला ६ सेंटचे तिकीट. नौदल सेन्सॉरच्या शिक्क्यात तपासणाऱ्याची आद्याक्षरे असतात. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख आणि पत्रावरची तारीख यांत काही दिवसांचे अंतर पडणे स्वाभाविक आहे, पण शिक्का पत्राच्या आधीचा असेल तर पाकीट दुसऱ्याच पत्राचे आहे.

विक्रीला येणारी बहुतेक पत्रे मात्र युद्धानंतरची असतात, संग्राहकांच्या विनंतीला उत्तर म्हणून लिहिलेली. गॉर्डन १९४७ ते १९६७ अशी वीस वर्षे आर्कान्सॉ राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर होते, नंतर मॉरिल्टनमध्ये वकिली केली, २००८ साली वारले. मार्क्स इंडियानातल्या फ्रँकफर्टमध्ये वकील होते, १९९८ साली वारले. म्हणून लेटरहेड बघा. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, जुलै १९६३ मध्ये आला आणि राज्यांची दोन अक्षरी लघुरूपेही त्याच वेळची. १९५५ च्या पत्राच्या लेटरहेडवर झिप कोड छापलेला असेल तर ते पत्र १९५५ चे नाही. सरकारी लेटरहेडवरच्या टाइप पत्रात आणखी एक धोका असतो. पदावरच्या माणसाच्या वतीने सचिव सही करतात किंवा ऑटोपेन नावाचे यंत्र करते. त्यापेक्षा निवृत्तीनंतर स्वतः लिहिलेले घरगुती पत्र कधीही चांगले.

नावापुढचा सन्मानही तारखेशी ताडा. पदक जाहीर होण्याआधीच्या पत्रात सहीखाली ‘मेडल ऑफ ऑनर’ लिहिलेले असूच शकत नाही.

भिंग आणि दिवा

सराफाकडे असते तसले १० पट मोठे दाखवणारे भिंग आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, एवढ्यावर निम्मे काम होते.

टॉर्च अंधारात लावा. साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात रासायनिक उजळक घालू लागले. असा कागद अतिनील प्रकाशात निळसर पांढरा लखलखतो. १९४४ चे पत्र असे लखलखले तर विषय संपला. उलट मात्र खरे नाही. कागद मंद दिसला म्हणजे पत्र खरे ठरले, असे होत नाही, कारण जुन्या वह्यांतले कोरे कागद आजही मिळतात.

मग भिंगाखाली एकच रेघ घ्या, सहीतल्या मोठ्या अक्षराची खाली येणारी. फाउंटन पेनने दाब दिला की निबेची दोन टोके फाकतात, त्यामुळे रेघेच्या दोन्ही कडा गडद आणि मधला भाग फिका दिसतो. जिथे पेन थांबले तिथे शाईचे तळे साचते. बॉलपेनची रेघ कागदात खोबण पाडते आणि वळणानंतर शाईचा गोळा टाकते. फेल्ट पेनला खोबणच नसते, रेघ सपाट आणि सारख्या रुंदीची. आता इतिहास जोडा: अमेरिकेत बॉलपेन दुकानात आले २९ ऑक्टोबर १९४५ ला, आणि फेल्ट पेन रोजच्या वापरात आले १९६० च्या दशकात. ब्रिटिश हवाई दलात मात्र १९४४ पासून काही बॉलपेन होती, म्हणून तिथे बॉलपेन दिसल्याबरोबर पत्र फेकू नका.

रेघेऐवजी निळे-गुलाबी-पिवळे ठिपके दिसले तर ती इंकजेटची छपाई. कागदावर बसलेली चकचकीत काळी भुकटी दिसली तर लेझरची.

घड्यांकडे बघायला लोक विसरतात. पत्र आधी लिहितात, मग दुमडतात. म्हणून खऱ्या पत्रात घडीवरची शाई तुटलेली असते, पण पसरलेली नसते. शाई घडीत शिरून केसांसारखी फुटलेली दिसली, तर कागद आधी दुमडलेला होता आणि लिहिले नंतर. जुन्या कोऱ्या कागदावर आजची शाई ठिकठिकाणी अशीच पसरते, कारण कागदावरची खळ जुनी होऊन निकामी झालेली असते.

टाइप पत्रात एक चलाख प्रकार चालतो. सही खरी असते, पण ती कोऱ्या कागदावर घेतलेली आणि मजकूर नंतर कुणीतरी वर टाइप केलेला. टाइपचे एखादे अक्षर आणि सहीची रेघ जिथे एकमेकांवर येतात तिथे भिंग धरा आणि वर काय आहे ते बघा. टाइपची शाई सहीच्या वर असेल तर मजकूर सहीनंतर टाइप केलेला आहे. सहीला जागा पुरवण्यासाठी मजकूर विचित्र आखूड किंवा दाटीने बसवलेला असेल, तीही खूण.

पाण्याचा थेंब टाकून शाई तपासायची युक्ती काही जण सांगतात. ती कधीही करू नका. युद्धकाळातली धुतली जाणारी निळी शाई एका थेंबात वाहून जाते.

आता सही

लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या विक्रींची चित्रे राहतात. तिथून किमान दहा-बारा नमुने गोळा करा आणि त्यातले निम्मे तुमच्या पत्राच्याच काळातले असू द्या. तिशीतली आणि ऐंशीतली सही एकाच माणसाची असली तरी सारखी नसते.

आकारापेक्षा वेग बघा. स्वतःची सही माणूस न थांबता करतो. रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळता होतो, पेन उचलायच्या जागा ठरलेल्या असतात. नक्कल करणारा सावकाश काढतो, मधेच थबकतो, त्यामुळे रेघेत बारीक, एकसारखी थरथर येते. म्हातारपणाची थरथर वेगळी असते: मोठी, अनियमित, आणि मजकुराच्या अक्षरांतही तितकीच. म्हणून मजकूर ठणठणीत आणि फक्त सही कापरी असेल तर सावध व्हा. नमुने आणि पत्र दोन्ही उलटे धरून बघा, म्हणजे डोळे नाव वाचत नाहीत, रेघाच पाहतात. दोन सह्या एकमेकांवर ठेवल्यावर तंतोतंत जुळल्या तर आनंद मानू नका. माणूस दोनदा तीच सही करत नाही, यंत्र करते.

विकत घेताना

विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआयचे स्कॅन मागवा, पाकीट असेल तर त्याचेही. पत्र कुणाला लिहिलेले, ते विक्रेत्याकडे कुणाकडून आले, आणि खोटे निघाल्यास मुदतीची अट न घालता परत घेणार का, हे तिन्ही लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही. विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्रालाही नाही. पीएसए, जेएसए, बेकेट यांसारख्या बाहेरच्या तपासणाऱ्यांचे प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा आणि तिथले वर्णन हातातल्या पत्राशी जुळते का तेही पहा. हे तपासणारे सहीबद्दल मत देतात. मजकुरातला इतिहास तपासायचे काम तुमचेच राहते.

पैसे कशाला जास्त मोजायचे, याबद्दल स्पष्ट मत असे: बचावाचे वर्णन स्वतःच्या अक्षरात असलेले एक पानभर पत्र, मग ते १९८५ चे का असेना, ‘शुभेच्छांसह’ एवढेच लिहिलेल्या पाच पत्रांपेक्षा घेण्यासारखे आहे.

भारतात आणताना

इथे एक कायदा आधी माहीत हवा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक मूल्य असलेला हस्तलेख किंवा दस्तऐवज किमान ७५ वर्षांचा झाला की तो पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९४४ चे पत्र २०१९ मध्येच या वयाला पोचले. म्हणजे पत्र एकदा मुंबईत आणले आणि मग ‘तपासायला अमेरिकेला पाठवतो’ म्हटले, तर अडचण येऊ शकते. पाठवायचेच असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा लागतो. म्हणून युद्धकाळातल्या पत्राची तपासणी ते तिकडे असतानाच उरकून घ्या. परदेशी राहणाऱ्या मराठी संग्राहकांनीही पत्र सुट्टीत घरी आणून ठेवण्यापूर्वी हा विचार करावा. १९८०-९० च्या दशकातल्या पत्रांना हा प्रश्न सध्या नाही.

पार्सलवर खरी किंमत आणि खरे वर्णन लिहायला सांगा, पावतीची प्रत बाहेर लावायला सांगा. पत्र बंद प्लास्टिक पिशवीत, दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याला चिकटवलेले काहीही नको. जून ते सप्टेंबर मागवू नका. भिजलेल्या गोणीतून आलेले पार्सल कुणीच भरून देत नाही.

घरात ठेवताना

पहिली गोष्ट लॅमिनेशन. मार्कशीटपासून सातबाऱ्यापर्यंत सगळे लॅमिनेट करायची आपल्याला सवय आहे. पत्राला ते केले की उष्णतेने शाई बिघडते, गोंद कागदात मुरतो आणि काढता येत नाही. पत्र कायमचे गेले. सेलोटेपही नको, फाटलेले असले तरी.

पत्र पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, त्यालाच मायलर म्हणतात. बाजारात मिळणारी मऊ पीव्हीसी पाकिटे ओळखायला सोपी आहेत, नव्या रेनकोटसारखा वास येतो. ती शाई उचलतात. पाकिटाची निदान एक बाजू उघडी असू द्या, कारण आम्लयुक्त जुना कागद चारही बाजूंनी बंद केला की उलट लवकर पिवळा पडतो. मागे आम्लरहित कागदाचे एक पान घाला. घडी उलगडूनच ठेवा. पुन्हापुन्हा दुमडले की पत्र घडीवरच तुटते.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू ओल. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली तर उत्तम, पावसाळ्यात बाहेर ती ८० च्या वर असते. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा पॉलिप्रोपिलीनचा डबा घ्या, आत छोटा आर्द्रतामापक आणि रंग बदलणाऱ्या नारिंगी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पावसात पुड्या दोन-तीन आठवड्यांत भरतात. रंग हिरवा झाला की दाणे ताटलीत पसरून ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवा, गार करा, परत वापरा. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ती भिंत पाणी ओढते. डांबरगोळ्या कागदाजवळ नकोत. कसर लागू नये म्हणून कपाट झाडून कोरडे ठेवणे आणि महिन्यातून एकदा डबा उघडून बघणे पुरेसे आहे. तपकिरी ठिपके दिसले तर पुसायला जाऊ नका. आर्द्रता कमी करा आणि कागद-संवर्धन जाणणाऱ्याला दाखवा.

भिंतीवर लावायची हौस असेल तर चांगली रंगीत प्रत काढून ती फ्रेम करा. मूळ पत्र उजेडात नको.

शेवटी नोंद. पत्रावर पेन्सिलनेही काही लिहू नका. वेगळ्या कागदावर कुणाकडून, कधी, कितीला घेतले, कोणत्या नोंदींशी ताडले आणि काय जुळले नाही, ते लिहा, पावती आणि विक्रेत्याचे लेखी उत्तर त्याला जोडा आणि स्कॅन दोन ठिकाणी ठेवा. ही चिठ्ठी मराठीत, घरातल्या माणसांना कळेल अशी लिहा: हे पत्र कुणाचे, त्या माणसाने किती जणांचे जीव वाचवले, विकायचे झाल्यास कुणाला विचारायचे आणि ते लॅमिनेट का करायचे नाही.